मायकेल अन्सारा : एका स्थलांतरित अरब नटाचे जीवन व कार्य

नटाचे चरित्र लिहिताना त्याने कोणकोणत्या भूमिका केल्या याची नोंद सामान्यतः केली जाते. त्याला कोणत्या भूमिका मिळू शकत होत्या आणि कोणत्या मिळू शकत नव्हत्या, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः समाजाच्या अभ्यासकाला हा दुसरा प्रश्नच अधिक उपयुक्त आहे. एखादे पात्र कोणत्या नटाकडे सोपवावयाचे हे ठरविताना तो समाज कोणाला आपला मानतो आणि कोणाला परका, हे नकळत प्रकट होत असते. प्रस्तुत लेखात सीरियात जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले नट मायकेल अन्सारा (१९२२–२०१३) यांच्या कारकिर्दीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. पाच दशकांहून अधिक काळ अन्सारा अमेरिकन पडद्यावर वावरले. या काळात ते अपाची टोळीचे नायक झाले, परग्रहावरील सेनानी झाले आणि अखेरीस केवळ एक आवाज होऊन लहान मुलांच्या मालिकेत अवतरले. अमेरिकेत स्थायिक झालेला अरब ही भूमिका मात्र त्यांच्या वाट्याला आलेल्या कोणत्याही प्रमुख मालिकेत नव्हती. ती भूमिका ते प्रत्यक्ष आयुष्यात जन्मभर जगले होते.

स्थलांतर आणि कायदा

अन्सारा यांचा जन्म १५ एप्रिल १९२२ रोजी सीरियातील एका लहान खेड्यात झाला. त्या वेळी सीरियावर फ्रान्सचा अंमल होता. मायकेल दोन वर्षांचे असताना, म्हणजे सुमारे १९२४ साली, त्यांचे कुटुंब अमेरिकेत आले. आजच्या लेबनॉन आणि सीरिया या प्रदेशांतून १८८० नंतर पुष्कळ कुटुंबे अमेरिकेस गेली होती. त्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती होती. कोणी पाठीवर गाठोडे घेऊन फेरीचा व्यापार केला, तर कोणी कापडाच्या गिरण्यांत कामास लागले. अमेरिकेत या सर्वांना त्या काळी ‘सीरियन’ या एकाच नावाने ओळखीत असत.

या लोकांचे अमेरिकेतील स्थान कायद्याच्या दृष्टीने काही काळ संदिग्ध होते. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व केवळ ‘गोऱ्या’ परकीयांनाच मिळू शकत होते. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, परंतु आशियातून आलेल्या माणसाला आपण गोरे आहोत हे न्यायालयात सिद्ध करावे लागे. जॉर्ज डाऊ नावाच्या सीरियन गृहस्थाच्या खटल्यात १९१५ साली वरिष्ठ न्यायालयाने सीरियन लोक गोरे ठरतात असा निर्णय दिला. भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थाच्या खटल्यात मात्र १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच्या उलट निवाडा केला. वंशशास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सर्वसामान्य अमेरिकन माणूस हिंदी माणसाला गोरा समजत नाही, हे त्या निकालाचे सार होते. त्यामुळे हिंदी लोकांना नागरिकत्वाचे दार बंद झाले आणि ते १९४६ सालापर्यंत बंद राहिले.

१९२४ हे वर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात संमत झालेल्या कायद्याने प्रत्येक देशातून किती माणसांना येऊ द्यावयाचे याची मर्यादा ठरली, आणि सीरियाच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या १०० माणसांचा वाटा आला. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका कायद्याने अमेरिकेच्या भूमीवरील मूलनिवासी प्रथमच सरसकट त्या देशाचे नागरिक म्हणून मान्य झाले. ज्यांची भूमी होती त्यांना नागरिकत्व आणि बाहेरच्यांना अटकाव, हे दोन्ही एकाच ऋतूत घडले. त्या सुमारास आईवडिलांबरोबर आलेले हे अरब मूल पुढे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मूलनिवाशांचा प्रतिनिधी होणार होते.

शिक्षण आणि पूर्वतयारी

मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉवेल या गावी अन्सारा कुटुंबाने दहा वर्षे काढली. कापडाच्या गिरण्यांचे हे गाव नाना देशांतून आलेल्या कामगारांनी भरलेले होते. त्यानंतर कुटुंब कॅलिफोर्नियात गेले. डॉक्टर व्हावे अशी तरुण मायकेल यांची इच्छा होती आणि लॉस अँजेलिस सिटी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. स्वभाव अत्यंत लाजाळू असल्यामुळे तो संकोच जावा एवढ्याच हेतूने ते अभिनयाच्या वर्गास जाऊ लागले. तेथे त्यांना या कलेची गोडी लागली आणि वैद्यकाचा विचार मागे पडला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय पथकात काम केले. युद्धानंतर पॅसाडीना प्लेहाऊस या प्रसिद्ध नाट्यसंस्थेत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले.

उंच, भरदार देहयष्टी, सावळ्याकडे झुकणारा वर्ण, ठळक नाक आणि गंभीर, खोल आवाज हे त्यांचे भांडवल होते. उच्चार मात्र शुद्ध अमेरिकन होता, कारण ते त्याच देशात लहानाचे मोठे झाले होते. ते ऐकण्यास देशी आणि दिसण्यास परके होते. चित्रपटसृष्टीला या मिश्रणाची फार गरज होती. परक्या माणसाची भूमिका करणारा नट परका दिसावा, पण त्याचे बोलणे प्रेक्षकांना सहज कळावे, अशी तिची अपेक्षा असे.

१९५० नंतरच्या दशकात हॉलिवूडमध्ये प्राचीन काळच्या भव्य कथांची लाट आली होती. १९५३ च्या ‘ज्यूलियस सीझर’ चित्रपटात अन्सारा यांनी पिंडारस या गुलामाचे काम केले. शेक्सपिअरच्या मूळ नाटकातही हा पूर्वेकडील पार्थियातून बंदी करून आणलेला दास आहे. त्याच वर्षीच्या ‘द रोब’ मध्ये ते जूडास झाले आणि १९५६ च्या ‘द टेन कमांडमेंट्स’ मध्ये गुलामांवर देखरेख करणारा मुकादम झाले. जूडास व मुकादम या भूमिकांत श्रेयनामावलीत त्यांचे नावही नव्हते. पूर्वेकडचा माणूस म्हणजे गुलाम, द्रोही किंवा जुलमी, हा साचा या तीन भूमिकांतच पुरेसा स्पष्ट होतो.

कोचीस

१९५६ साली ‘ब्रोकन ॲरो’ या मालिकेत अन्सारा यांना कोचीस ही प्रमुख भूमिका मिळाली. कोचीस ही ऐतिहासिक व्यक्ती होय. अपाची लोकांच्या चिरिकाहुआ शाखेचा हा नायक. एका मुलाच्या अपहरणाचा खोटा आरोप ठेवून १८६१ साली अमेरिकन सैन्याने त्याला पकडण्याचा प्रयत्न केला, आणि त्यातून दहा-अकरा वर्षांचे युद्ध पेटले. टॉम जेफर्ड्स या गोऱ्या मित्राच्या मध्यस्थीने १८७२ साली तह झाला. १८७४ साली कोचीस निवर्तला, आणि त्याच्या लोकांना दिलेली राखीव भूमी सरकारने दोनच वर्षांनी काढून घेतली. कोचीस आणि जेफर्ड्स यांची मैत्री हा मालिकेचा विषय होता. जेफर्ड्सचे काम जॉन लप्टन यांनी केले. दोन वर्षांत मालिकेचे सत्तरहून अधिक भाग प्रक्षेपित झाले.

त्या काळच्या इतर मालिकांशी तुलना केली असता ‘ब्रोकन ॲरो’ चे वेगळेपण ध्यानात येते. घोडेस्वार आणि बंदुका यांनी भरलेल्या ‘वेस्टर्न’ मालिकांत मूलनिवासी हा बहुधा टेकडीआडून आरडाओरडा करीत येणारा आणि गोळी लागून पडणारा निनावी शत्रू असे. येथे तो विचारी, वचनाला जागणारा आणि न्यायाची चाड असणारा पुरुष म्हणून दर आठवड्याला घराघरांत येऊ लागला. ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि या सद्भावनेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ही कथा १९५० साली प्रथम पडद्यावर आली तेव्हा कोचीसचे काम जेफ चँडलर यांनी केले होते. हे ब्रुकलिनमध्ये जन्मलेले ज्यू गृहस्थ, आणि त्यांचे मूळ नाव आयरा ग्रोसेल. १९५६ साली मालिकेच्या आधी दूरचित्रवाणीवर जे एक नाट्य सादर झाले त्यात कोचीस झाले मेक्सिकोचे रिकार्डो माँटलबान. त्यानंतर सीरियाचे अन्सारा. सहा वर्षांत तीन कोचीस झाले, आणि त्यांत अपाची एकही नाही. याचे कारण नट उपलब्ध नव्हते असे म्हणावे, तर तेही खरे नाही. मोहॉक जमातीचे जे सिल्व्हरहील्स हे ‘द लोन रेंजर’ मालिकेमुळे घरोघरी माहीत होते, आणि १९५० च्या याच चित्रपटात त्यांनी जेरोनिमोचे काम केले होते. परंतु मूलनिवासी नटाने सोबत्याचे किंवा बंडखोराचे काम करावे, नायकपद दुसऱ्याने भूषवावे, असा अलिखित संकेत होता. म्हणजे अन्सारा यांना मिळालेली संधी ही दुसऱ्या कोणाला तरी नाकारलेली संधी होती. स्थलांतरिताच्या यशाची कथा सांगताना ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

स्वतः अन्सारा या भूमिकेवर फारसे संतुष्ट नव्हते. त्या काळच्या एका मुलाखतीत त्यांनी उपहासाने सांगितले होते की कोचीसला दोनच गोष्टी करता येतात. एक तर हात छातीवर बांधून भारदस्त दिसावयाचे, नाही तर हात खाली सोडून भारदस्त दिसावयाचे. या विनोदात एक मार्मिक निरीक्षण आहे. दुष्ट परका आणि उदात्त परका या दोन टोकांच्या मध्ये साधा माणूस बसतो. तो चिडतो, चुकतो, हसतो, संसार करतो. परक्या माणसाला या मधल्या जागेत येऊ दिले जात नव्हते. तिरस्काराऐवजी आदर मिळाला, पण पुतळ्याला मिळतो तसा.

बकहार्ट

यानंतरची महत्त्वाची भूमिका म्हणजे १९५९–६० मधील ‘लॉ ऑफ द प्लेन्समन’ या मालिकेतील सॅम बकहार्ट. या पात्राचा प्रवेश प्रथम ‘द रायफलमन’ या मालिकेत झाला आणि पुढे त्याच्यासाठी स्वतंत्र मालिका निघाली. बकहार्ट हा जन्माने अपाची. लहानपणी त्याने एका जखमी सेनाधिकाऱ्याचे प्राण वाचविले. त्या अधिकाऱ्याने मृत्यूनंतर ठेविलेल्या पैशातून तो हार्वर्ड विद्यापीठात शिकला आणि न्यू मेक्सिकोत कायद्याचा अंमलदार म्हणून परतला. ज्या कायद्याने आपल्या लोकांना देशोधडीला लावले त्याच कायद्याचे रक्षण तो निष्ठेने करतो. गोरे त्याच्याकडे संशयाने पाहतात.

या पात्रात स्थलांतरिताच्या जीवनाची छाया स्पष्ट दिसते. शिक्षण घेतले, भाषा आत्मसात केली, देशाची सेवा केली, तरी दारात उभे राहताच समोरचा माणूस प्रथम चेहरा पाहतो, हा अनुभव अपाचीचा आहे तसाच लॉवेलच्या गिरणीगावात वाढलेल्या सीरियन मुलाचाही असू शकतो. त्यामुळे कोचीसपेक्षा या भूमिकेत अन्सारा यांना हालचालीला अधिक वाव मिळाला. मालिका मात्र ३० भागांनंतर बंद पडली. १९६० साली हॉलिवूडच्या प्रसिद्ध पदपथावर दूरचित्रवाणीतील कामाबद्दल त्यांच्या नावाचा तारा बसविण्यात आला. तो मुख्यतः या दोन अपाची भूमिकांच्या लौकिकाचा होता असे समजण्यास हरकत नाही.

परग्रहावरील परका

पुढील काळात अन्सारा अनेक मालिकांत पाहुणे नट म्हणून दिसतात. ‘आय ड्रीम ऑफ जीनी’ या विनोदी मालिकेत ते कधी निळा जिन्न झाले, तर कधी हवाईचा राजा कामेहामेहा. या मालिकेच्या नायिका बार्बरा ईडन या त्यांच्या त्या वेळच्या पत्नी होत. अरबी कथांतील जिन्नाला अमेरिकन घरात आणणाऱ्या या मालिकेची नायिका गौरवर्णी होती, आणि ज्याचा जन्म खरोखरच त्या प्रदेशातला तो नट तेथे अधूनमधून पाहुणा म्हणून येत होता. ही विसंगती त्या काळी कोणास जाणवल्याचे दिसत नाही.

१९६८ साली ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या एका भागात त्यांनी कांग नावाच्या क्लिंगॉन सेनानीचे काम केले. क्लिंगॉन ही मानवाशी वैर असलेली परग्रहावरील जमात, आणि तिच्या रंगभूषेत चेहऱ्याला गडद छटा देण्यात येई. पृथ्वीवरचा परका मागे पडून आकाशातील परका आला, तरी त्याचा वर्ण कायम राहिला. या बाबतीत एक योगायोग भारतीय वाचकांस उद्बोधक वाटेल. अन्सारा यांच्यापूर्वीचे कोचीस, रिकार्डो माँटलबान, याच ‘स्टार ट्रेक’ मध्ये १९६७ साली खान नूनियन सिंग झाले होते, आणि हे पात्र कथेत उत्तर भारतीय शीख असावे असे सूचित केले आहे. म्हणजे अपाची, शीख, अरब आणि परग्रहवासी हे सर्व पात्रयोजनेच्या दृष्टीने एकाच कप्प्यातील चेहरे होते.

कांगच्या भूमिकेत मात्र अन्सारा यांनी साच्यापलीकडचे काही केले. त्या भागात दोन शत्रुपक्षांच्या द्वेषावर पोसणारी एक अदृश्य शक्ती त्यांना सतत झुंजवीत ठेवते. अखेरीस कांगला हे उमगते आणि तो शस्त्र टाकून हसतो. शत्रूला हा विवेक आहे, आणि तो शरणागतीतून नव्हे तर स्वाभिमानातून आला आहे, हे अन्सारा यांनी कमीत कमी हालचालींत दाखविले. ही भूमिका इतकी ठसली की १९९४ साली ‘डीप स्पेस नाईन’ आणि १९९६ साली ‘व्हॉयेजर’ या उत्तरकालीन मालिकांत त्याच पात्रासाठी त्यांनाच पुन्हा बोलाविण्यात आले.

अरब भूमिका

अन्सारा यांच्या कारकिर्दीत अरब माणसाची भरीव भूमिका आली ती दूरचित्रवाणीवर नव्हे, चित्रपटात, आणि ती देणारा माणूसही सीरियनच होता. अलेप्पो येथे जन्मलेले आणि अमेरिकेत चित्रपटकला शिकलेले दिग्दर्शक मुस्तफा अक्काद यांनी १९७६ साली इस्लामच्या उदयावर ‘द मेसेज’ हा चित्रपट काढला. इंग्रजी आणि अरबी अशी त्याची दोन स्वतंत्र रूपे दोन वेगळ्या नटसंचांसह चित्रित झाली. इंग्रजी रूपात अन्सारा यांनी मक्केतील विरोधी पक्षाचे नेते अबू सुफियान यांचे काम केले. हाही प्रतिपक्षच, परंतु सपाट खलपुरुष नव्हे. आपल्या शहराचा व्यापार आणि पूर्वजांची रीत जपू पाहणारा, आणि काळ बदलला आहे हे हळूहळू उमगणारा असा हा मुत्सद्दी आहे. हमजाच्या भूमिकेत अँथनी क्विन आणि हिंदच्या भूमिकेत आयरीन पापास होत्या. इंग्रजी रूपातील प्रमुख नटांत अरब भूमीत जन्मलेले अन्सारा असावेत, यात निश्चितच औचित्य होते. अरबी रूपात मात्र ती भूमिका हमदी घैथ यांच्याकडे गेली. ज्या प्रदेशातून अन्सारा आले तेथील प्रेक्षकांसाठी नट वेगळा होता. अमेरिकेत ते अरब म्हणून शोभत होते, आणि अरब जगासाठी अमेरिकन नटसंचाचा भाग होते. स्थलांतरिताची ही दुहेरी स्थिती याहून स्पष्ट क्वचितच दिसते.

केवळ आवाज

१९९२ साली ‘बॅटमॅन’ च्या व्यंगचित्रमालिकेत मिस्टर फ्रीझ या पात्राला अन्सारा यांनी आवाज दिला. असाध्य रोगाने ग्रस्त असलेली पत्नी वाचावी म्हणून तिला गोठवून ठेवणारा, आणि तो प्रयत्न दुसऱ्याच्या लोभामुळे उधळला गेल्यावर सूडास प्रवृत्त होणारा हा शास्त्रज्ञ. त्याचे बोलणे थंड, एकसुरी आणि भावनाहीन आहे. परंतु त्या एकसुरीपणाखाली असलेला शोक श्रोत्याला जाणवतो. या भागाच्या लेखनास पुरस्कार मिळाला, आणि एका क्षुल्लक खलपात्राला शोकात्म उंची मिळाली, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे अनेक वर्षे हे पात्र अन्सारा यांच्याच आवाजात बोलत राहिले.

ज्या नटाला तरुणपणी केवळ उभे राहून भारदस्त दिसावे लागले, त्याने त्या सक्तीच्या स्तब्धतेलाच शेवटी कलेचे साधन केले. आणि येथे प्रथमच चेहऱ्याचा प्रश्न उरला नाही. श्रोत्याला हा आवाज कोणत्या वंशाचा हे माहीत नव्हते आणि विचारण्याचे कारणही नव्हते. ३१ जुलै २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील कॅलाबासस येथे अन्सारा यांचे निधन झाले. तेव्हा ते ९१ वर्षांचे होते.

समारोप

अन्सारा यांची गोष्ट एकट्याची नव्हे, हे ध्यानात येण्यासाठी इतर उदाहरणे पाहिली पाहिजेत. लेबनीज आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले डॅनी टॉमस हे १९५३ ते १९६४ पर्यंत स्वतःच्या लोकप्रिय विनोदी मालिकेचे नायक होते. परंतु तीत लेबनीजपणा मुख्यतः टोनूस नावाच्या विनोदी काकाच्या रूपाने येई, आणि ते काम हान्स कॉनरीड या अरब नसलेल्या नटाकडे होते. १९७२ ते १९८३ या काळातील ‘मॅश’ मध्ये जेमी फार यांनी लेबनीज वंशाचा सैनिक उभा केला, तोही प्रथम हास्यासाठीच. लेबनीज स्थलांतरिताचे पुत्र टोनी शलूब यांना १९९१ नंतर ‘विंग्ज’ मालिकेत इटालियन टॅक्सीचालकाचे काम मिळाले. जॅक शाहीन या अभ्यासकाने १९८४ साली दूरचित्रवाणीवरील अरबांविषयी ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला आढळलेले अरब प्रामुख्याने धनाढ्य शेख, बाँब टाकणारे आणि नर्तकी एवढेच होते. शेजारी राहणारा, नोकरीला जाणारा, मुलांना शाळेत सोडणारा अरब जवळजवळ नव्हताच. अशा माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी ‘रामी’ ही मालिका ईजिप्शियन आईवडिलांचे पुत्र रामी यूसुफ यांनी आणली ती २०१९ साली, अन्सारा यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. कायद्याची वर्गवारी आणि पडद्याची वर्गवारी या भिन्न गोष्टी आहेत. कायद्याने अन्सारा गोरे होते. पडद्याने त्यांना गोऱ्याखेरीज इतर सर्व काही मानले. कायद्याच्या निवाड्याविरुद्ध अपील करता येते, पण पात्रयोजनेच्या निवाड्याविरुद्ध नटाला कोठेही दाद मागता येत नाही. मिळालेली भूमिका चांगली करणे एवढाच मार्ग त्याच्या हाती असतो. अन्सारा यांनी तो स्वीकारला, आणि दिलेल्या पुतळ्यांत शक्य तेवढा प्राण ओतला. त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र त्या श्रेयाबरोबरच, कोचीसचे काम ज्यांना कधीच मिळाले नाही त्या अपाची नटांचेही स्मरण ठेविले पाहिजे.

अमेरिकन सरकारने २०२४ च्या मार्च महिन्यात आपल्या वंशविषयक वर्गवारीत मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका येथील लोकांसाठी स्वतंत्र स्थान निर्माण केले. तोपर्यंत सरकारी नोंदींत हे लोक गोऱ्यांतच मोजले जात होते. दोन वर्षांचा सीरियन मुलगा अमेरिकेत आला त्याला तेव्हा सुमारे १०० वर्षे झाली होती. कॅमेऱ्याने जे पहिल्याच दिवशी पाहिले, ते नोंदवहीत यावयास एक शतक लागले.